जिवाणीचा दोर

महाराजांचा संघ संकेश्वरहून निघाला, परवा सकाळी आहाराला गावात असेल, असा निरोप आला तेव्हा जैन गल्लीत आधी आनंद झाला. मग घटकाभरानं सगळ्यांचे चेहरे उतरले.

आनंद साहजिकच होता. दिगंबर मुनी गावात यायचे म्हणजे गल्लीचा सण. दारोदार सडा पडणार, बाया कलश घेऊन उंबऱ्यात उभ्या राहणार, घरोघर आहारासाठी सोवळ्यातल्या स्वयंपाकाचा चौका मांडला जाणार आणि महाराज कुणाच्या दारी थांबतील या हुरहुरीत सकाळ उजळत जाणार. चेहरे उतरले ते पाण्यापायी. मुनींच्या आहाराला नळाचं पाणी चालत नाही. विहिरीचंच लागतं, ऊन पडल्यावर शेंदलेलं, दुपदरी कापडातून गाळलेलं. आणि नळ आल्यापासून गल्लीत विहीर म्हणून एक उरली नव्हती.

देवळाच्या मंडपात माणसं जमली आणि एकेक विहीर आठवू लागली.

"पाटलांच्या परड्यातली?"

"तिच्यावर स्लॅब टाकलाय. ट्रॅक्टर उभा असतोय तितं."

"राजश्रीकाकूंच्या दारातली?"

"आमच्यात संडासाची टाकी केली तिची," राजश्रीकाकू म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. "मोकळीच पडलेली. नळ आल्यावर कोण शेंदत बसतंय?"

देवळाच्या विहिरीचं नाव कुणी काढलंच नाही. तिथून कबुतरांचं घुमणं सगळ्यांना ऐकू येत होतं. शेजारी पंचायतीची बोअर पडली आणि ती आटली.

"नळाला पयलं पाणी आलं तवा आपण गल्लीभर पेढं वाटलं," वर्धमान हसत म्हणाला. तो देवळाच्या कमिटीचा, तंबाखूचा व्यापारी, बोलायला मोकळा. "आणि महाराज नळाचं पाणी घेत न्हाईत हे एवढ्या शाण्या माणसांत एकाच्याबी ध्यानात ऱ्हायलं न्हाय. पेढं खाल्लं की झालं."

कुणी हसलं नाही. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "माळावरच्या वस्तीत हाय की विहीर. जिती."

मग सगळे शालनकडे बघायला लागले.

शालन वर्धमानची थोरली भावजय. पन्नाशीची, गव्हाळ, बोलायला गोड. नवऱ्याचं, अभिनंदनचं, बोरगावात खताचं दुकान. तो तिकडे गुंतलेला. ही ग्रामपंचायतीची मेंबर. ही गल्ली आणि पलीकडच्या माळावरची मेंढपाळांची वस्ती मिळून तिचा वॉर्ड. गल्ली घरात मराठी बोलते, वस्ती कन्नड. बाजारात दोघांना दोन्ही येतात.

"वैनी, तुमीच जावा," वर्धमान म्हणाला. "तुमी मेंबर हाय. तुमाला न्हाय म्हणणार न्हाईत."

शालन मान खाली घालून सतरंजीचा एक सुटलेला धागा ओढत राहिली. नाही म्हणणार नाहीत, हे तिलाही माहीत होतं. तेच तिला टोचत होतं.

*

निवडणुकीत ती उभी राहिली तेव्हा गल्लीतली मतं दोघींत फुटली होती. तिला तारलं ते वस्तीनं. मतं मागायला ती माळावर गेली, विहिरीच्या काठावर बसली, बायांशी कन्नडात बोलली. एकीच्या हातातला दोर घेऊन तिनं स्वतः घागर शेंदली. हातभर ओढला की घागर वर. वर्धमाननं मोबाइलवर फोटो काढला. मग ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की, पहिला नळ या वस्तीला. अंबुबाई नावाच्या म्हातारीनं तिच्या कपाळाला भंडारा लावला होता. पिवळं बोट रुमालानं पुसावं असं शालनला तेव्हा वाटलं नव्हतं. घरी येईपर्यंत तिनं ते तसंच ठेवलं होतं.

पुढे घरोघर नळाच्या योजनेत वॉर्डाला एक बोअर आणि एक टाकी मंजूर झाली. ती कुठे घ्यायची ते वॉर्डसभेत ठरायचं होतं आणि सभेचा दिवस ठरवायचा होता शालनला.

"दिवाळी झाल्यावर ठेवा," वर्धमान म्हणाला होता. "गडबड कशाला?"

दिवाळी झाली की वस्तीतली धडधाकट माणसं मेंढरं घेऊन बाहेर पडतात. लोकांच्या रानात तळ ठोकतात, रान खतवून देतात, पुढच्या रानात जातात. परततात ती पाऊस लागल्यावर, बेंदराच्या सुमाराला. हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. वर्धमाननंही ते शब्दांत सांगितलं नाही आणि शालननंही विचारलं नाही. तिनं दिवस लिहून दिला.

सभा देवळाच्या मंडपातच झाली. वस्तीतून म्हातारी माणसं आणि थोड्या बाया आल्या, त्याही मागे, चपलांजवळ बसल्या. शालन त्या दिवशी मराठीत बोलली. बोअर आणि टाकी गल्लीत घ्यावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा, म्हणाली. मंडप हातांनी भरून गेला. मग वस्तीत घ्यावी असं वाटणाऱ्यांनी, म्हणाली. मागे थोडे हात उठले आणि अंबुबाईचे दोन्ही.

"आज्जे, एकच हात," वर्धमान म्हणाला. "दोन्ही वर करून शरण आलीस काय?"

मंडप हसला.

"एक माझा," अंबुबाई म्हणाली. हात तिनं खाली घेतले नाहीत. "एक माझ्या पोराचा, भरमूचा. त्यो मेंढरामागं गेलाय. सांगून गेलाय, अव्वा, माझाबी हात तूच वर कर."

त्यावर मंडप आणखी हसला. आणि शालन, पदर ओठांवर धरून, हसली.

नंतर कधी विषय निघालाच तर वर्धमान म्हणायचा, "हात मोजून झालंय वैनी. लोकशाहीनं झालंय. कुणाचं काय हिसकावून घेतलंय व्हय?" ते खोटं नव्हतं. हात बरोबर मोजले होते. शालनला आठवायचे ते ते दोन सुरकुतलेले हात, आणि त्यांच्यापेक्षाही स्वतःच्या ओठांवरचा पदर.

*

आदल्या दिवशी दुपारी ती आहारासाठी गहू दळायला बसली. गिरणीचं पीठ चौक्यात चालत नाही. जातं फिरायला लागलं की तिच्या गळ्यातून ओवी आपोआप निघे, सासूनं दिलेली.

गाळिलं मी पाणी, पदर केला दुहेरी
जीव ज्याचा त्याला गं, नेऊन सोडते घरी

विहिरी माझे बाई, सांगते तुझ्या पायी
तुझ्या लेकराला गं, दुखवलं मी न्हाई

"आत्या, ही जिवाणीची ओवी न्हवं?" सून दिव्यानं विचारलं. दिव्या निपाणीची, बी.कॉम. झालेली. तिच्या माहेरी चौका मांडत, पण पाणी आणायचं काम कधी तिच्यावर आलं नव्हतं.

"व्हय." शालननं जातं थांबवलं आणि तिला समजावून सांगितलं. पाणी गाळल्यावर कापडाला डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. ते जीव म्हणजे जिवाणी. कापड गाळलेल्याच पाण्यानं धुवायचं आणि ते पाणी परत त्याच विहिरीत सोडायचं. दुसऱ्या विहिरीत नाही. परक्या पाण्यात ते जगत नाहीत. वरून ओतायचंही नाही; उंचावरून पडून मरतील. बुडाला कडी असलेली लहान कळशी दोरानं अलगद खाली सोडायची, पाण्याला टेकली की दोराला हलका हिसका देऊन उलटी करायची. "जसं झोपलेलं पोर अंथरुणावर ठेवतोय तसं," ती म्हणाली.

"किती जपायचं ते," दिव्या म्हणाली. तिनं कौतुकानं म्हटलं होतं.

तेवढ्यात वर्धमान दारात आला. त्याच्या हातात पंचायतीचा कागद होता. "वैनी, पायपाची वाढीव लाइन मंजूर झाली. पुढच्या आठवड्यात वॉर्डसभा घेऊन टाकू. देवळामागं यात्रेकरूंसाठी खोल्या बांधायच्यात, तिकडं वडून घेऊ. तारीख टाका, सही करा."

"पुढच्या आठवड्यात?"

"मग कवा? माणसं मोकळी हाईत आत्ता."

कुठली माणसं, हे शालननं विचारलं नाही. दिवाळी होऊन गेली होती. "महाराजांचा आहार होऊ द्या, भावजी," ती म्हणाली, "मग टाकते." आणि जातं पुन्हा फिरवलं, पण ओवी काही परत आली नाही.

*

महाराज यायच्या दिवशी, ऊन पडता पडता, सासूसुना माळाकडे निघाल्या. धुऊन वेगळी वाळवलेली लुगडी, अनवाणी पाय, शालनच्या कमरेला घासलेली घागर आणि खांद्यावर दोर, दिव्याच्या हातात गाळणं आणि कडीची कळशी. वाटेत कुणाला शिवायचं नव्हतं. दोन्ही अंगांना तंबाखू उभा होता, पानं चिकट, त्यांच्यावर दव थरथरत होतं.

गल्ली संपते तिथे शेवटच्या भिंतीशी निळा पाइप जमिनीतून वर आला होता. त्याचं तोंड माळाकडे होतं आणि तोंडाला बूच मारलेलं होतं.

"आत्या, ह्यो पाइप पुढं कुठं जातोय?" दिव्यानं विचारलं.

"कुठं न्हाय," शालन म्हणाली.

विहिरीवर वस्तीतल्या बाया आधीच जमल्या होत्या. घागरी, हंडे, प्लास्टिकच्या कळश्या. ह्या दोघींना लांबून बघताच त्या बाजूला झाल्या. बाजूला व्हा असं कुणी सांगितलं नव्हतं. धुतलेली लुगडी आणि अनवाणी पाय बघून त्यांना कळलं होतं. आपापली भांडी उचलून त्या बाभळीखाली जाऊन उभ्या राहिल्या, आपली सावलीसुद्धा ह्यांच्या वाटेत पडू नये इतक्या लांब.

अंबुबाई तेवढी कट्ट्याच्या अलीकडे बसून होती. शालननं घसा साफ केला आणि कन्नडात म्हणाली, की थोडं पाणी हवं होतं.

"मराठीत बोल की आक्का," अंबुबाई म्हणाली. "कन्नड मतं मागायला ऱ्हाऊ दे."

बाभळीखाली कुणीतरी खुदकन हसलं. शालन मराठीवर आली.

"महाराज यायलेत, मावशी. त्यांना नळाचं चालत न्हाय."

"ठावं हाय. माझी आई सांगायची, लंगोटीबी न्हाय अंगावर असला साधू, हाताच्या ओंजळीत जेवतोय, त्येबी दिवसाला एकदा." म्हातारीनं विहिरीकडे हात केला. "घे. साधूच्या पाण्याला न्हाय म्हणायला आमी काय मेंबर हाय?"

शालन कट्ट्यावर चढली. घागरीच्या गळ्यात दोर अडकवला आणि सोडला. दोर सरसर गेला. हातातली वेटोळी एकेक करत संपली. शेवटची गाठ तिच्या मुठीशी आली आणि घागर अजून अधांतरीच होती, अंधारात हलकेच फिरत. तिनं वाकून पाहिलं. ज्या काठावर बसून तिनं हातभर ओढून पाणी काढलं होतं, त्याच्या कितीतरी खाली, काळ्या दगडांच्या तळाशी, पाणी एखाद्या नाण्याएवढं चमकत होतं.

ती तशीच वाकून राहिली. वर बघायचं तिला धाडस होईना.

"तुमच्या बोअरची मोटार सुरू झाली की आणिक खाली जातंय," अंबुबाई मागून म्हणाली. तक्रार करावी असा सूर नव्हता. हवा कशी आहे ते सांगावं तसं. "म्हणून बाया उजाडायच्या आत येत्यात. आज तू येणार म्हणून कळलं, तवा तुझ्यासाठी थांबल्या. आधी तू भरून घे. मंगल, आपला दोर दे गं तिला."

मंगल म्हणजे अंबुबाईची सून. ती दोर घेऊन आली आणि चार पावलांवर थबकली. शालननं हात पुढे केला, तरी ती जवळ येईना. तिनं दोर जमिनीवर ठेवला आणि मागे सरली. "तुमाला शिवायचं न्हाय न्हवं आज," म्हणाली.

त्या दोराला जागोजाग जोड होते. मेंढराच्या लोकरीची दोरी, नायलॉनचा तुकडा, जुन्या लुगड्याचा पीळ. जसजसं पाणी खाली गेलं तसतसा दोर वाढत गेलेला. शालननं तो उचलला. दिव्यानं तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे म्हणत होते, हा चालेल का? शालननं आपल्या दोराचं टोक त्या दोराला बांधलं. पाण्याला लागणारं टोक आपलं राहिलं, हातातलं त्यांचं.

घागर पाण्याला लागल्याचा आवाज फार उशिरा आला.

ओढताना तळहात सोलवटले. कट्ट्यावरच दिव्यानं गाळणं धरलं, शालननं पाणी गाळलं, कापड गाळलेल्या पाण्यानं धुतलं, ते पाणी कडीच्या कळशीत घेतलं. मग तिनं कळशी विहिरीत सोडायला सुरुवात केली, अगदी हळू. एकही जीव कडेला आपटू नये. हातातून लोकर गेली, नायलॉन गेलं, लुगड्याचा पीळ गेला. बाभळीखाली बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. ऊन चढत होतं. गल्लीच्या बाजूनं मोटार सुरू झाल्याची घरघर आली. एका बाईनं हंडा ह्या कमरेवरून त्या कमरेवर घेतला.

जीव ज्याचा त्याला गं, नेऊन सोडते घरी.

कळशी पाण्याला टेकली. शालननं दोराला हलका हिसका दिला. न दिसणारे ते जीव आपल्या घरी गेले.

दोर सोडवायला गेली तर गाठ भिजून घट्ट बसलेली. नखांनी सुटेना.

"ऱ्हाऊ दे," अंबुबाई म्हणाली. "वाळली की सुटंल. ने तसाच. आमच्याकडं तळावरचा दोर हाय, जोडून घेतो."

शालनला काहीतरी बोलायचं होतं. तिनं तोंड उघडलंही. पण ज्या बाया तिच्या घागरीसाठी एवढा वेळ थांबल्या होत्या त्या आता घाईनं कट्ट्याकडे निघाल्या होत्या. त्यांच्या वाटेत उभं राहून तिनं काय बोलायचं? ती बाजूला झाली.

*

महाराज गल्लीत आले तेव्हा "नमोस्तु, नमोस्तु" असा गजर दारादारातून उठला. कृश देह, हातात मोरपिसांची पिंछी, नजर पुढच्या पावलापुरती. ते देवळाशेजारच्या दारावरून गेले, राजश्रीकाकूंच्या दारावरून गेले आणि शालनच्या दारी, तिच्या हातातल्या कलशापाशी, थांबले.

गल्लीच्या डोळ्यांत हेवा आणि हर्ष एकदम आला. वर्धमाननं हात जोडले. घरच्यांनी तीन प्रदक्षिणा घातल्या, महाराजांना आत आणलं, पाय धुतले. ते पाटावर उभे राहिले. आता घरच्या बाईनं एवढंच म्हणायचं होतं: मन शुद्धी, वचन शुद्धी, काय शुद्धी, आहार-जल शुद्ध आहे. हे ऐकल्याशिवाय मुनी ओंजळ पुढे करत नाहीत. लग्न होऊन आल्यापासून हे शब्द शालनच्या तोंडात होते. झोपेतून उठवलं तरी तिनं म्हटले असते.

"मन," ती म्हणाली.

आणि पुढचा शब्द निघेना.

समोर घागर होती, विहिरीच्या पाण्यानं भरलेली. तिच्या गळ्याशी अजून लोकरीचा एक धागा चिकटलेला होता. शालन त्याच्याकडे बघत राहिली. दाराबाहेर दाटलेली माणसं माना उंचावून आत बघू लागली. महाराज तसेच उभे, डोळे खाली, त्यांना मौन. आता ते वळले तर आजचा उपवास, उद्यापर्यंत पाण्याचा थेंब नाही, आणि तो तिच्यामुळे.

"मन," ती पुन्हा म्हणाली.

"वैनी," वर्धमान दातांआडून म्हणाला.

तेव्हा दिव्या पुढे झाली. तिनं हात जोडले आणि स्पष्ट, थोड्या घाबऱ्या आवाजात सगळं म्हटलं, शेवटपर्यंत. महाराजांनी ओंजळ पुढे केली. दिव्यानं पहिलं पाणी घातलं.

शालन मागे सरली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. ज्यानं शुद्धी बोलली नाही त्यानं आहार द्यायचा नसतो. तिच्या घरी महाराज उभे होते आणि तिच्या हातचा घास त्यांच्या ओंजळीत जात नव्हता. बाहेर राजश्रीकाकू कुणाला तरी सांगत होत्या, "बिचारी पहाटेपासनं राबतीया, घसा बसलाय तिचा." शालननं ते ऐकलं. असं नाही, असं म्हणायला हवं होतं. ती गप्प राहिली, आणि ते गप्प राहणंही त्या हसण्याशेजारी जाऊन बसलं.

*

महाराज पुढे गेले. दुपारी वर्धमान कागद घेऊन आला. तो चिडलेला होता, पण भावजयीवर आवाज चढवायचा नाही इतकी रीत त्याच्यात होती.

"झालं ते झालं," तो म्हणाला. "लोकांना म्हटलं, चक्कर आली. आता तारीख टाका."

शालननं चष्मा लावला. तारखेच्या जागी तिनं लिहिलं आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

वर्धमाननं वाचलं, पुन्हा वाचलं. "हे काय? हे तर बेंदूर झाल्यावर. किती म्हैने लांब?"

"मेंढरं तवा परत येत्यात."

"मेंढरं काय मत द्यायला येणार हाईत?"

"मेंढरामागची माणसं."

वर्धमान खाली बसला. "वैनी, गल्लीनं तुमाला काय कमी केलं? आपल्या माणसानं निवडून यायचं, खुर्चीवर बसायचं, आणि आपल्याच दारचं पाणी दुसऱ्याच्या दारात न्यायचं? आणि तवा का बोलला न्हाईसा? तवा तारीख कुणी टाकली?"

"मीच."

"हसलं कोण?"

"मीबी."

वर्धमाननं कागदाची घडी केली. "पुढच्या वेळेला गल्लीतनं तुमाला एक मत पडायचं न्हाय. वस्तीकडनंच मागा."

"ते बी देतील असं काय न्हाय, भावजी," शालन म्हणाली. "त्यांनी का द्यावं?"

तो गेल्यावर दिव्यानं चहा आणून ठेवला. तिनं सगळं ऐकलं होतं. "आत्या," ती म्हणाली, "सकाळी मी म्हटलं ते खोटं झालं का? आहार-जल शुद्ध हाय म्हणून?"

शालननं कपबशी जवळ ओढली. "पाणी शुद्धच हुतं गं पोरी," ती म्हणाली. "तुजंबी खोटं न्हाय."

*

उन्हं कलल्यावर ती दोर घेऊन माळावर गेली, ह्या खेपेला एकटी, पायात चपला, कुणीही शिवावं अशा रोजच्या लुगड्यात. अंबुबाई झोपडीपुढे लोकर पिंजत बसली होती. मंगल चुलीशी होती. मंगलनं पाणी आणून दिलं, पितळी तांब्यात, तळाशी गढूळ. शालन ते न गाळता प्यायली. जन्मात पहिल्यांदा. अंबुबाईनं पिंजता पिंजता ते बघितलं.

"गाठ सुटली न्हाय, मावशी," शालन म्हणाली. "वाळवून बघितली, दातानं बघितली."

"मग ऱ्हाऊ दे. लांब झाला तेवढा बराच."

"माझा दोरबी तुमच्यातच ऱ्हाऊ दे मग."

"ऱ्हाऊ दे."

अंबुबाईनं लोकरीचा पुढचा पुंजका घेतला. शालननं काय काय जुळवून आणलं होतं: त्या दिवशी मी हसले, मला माफ कर, तारीख मी मुद्दाम तसली टाकली होती. म्हातारीच्या बोटांकडे बघता बघता तिला उमगलं की यातलं एकही अंबुबाईला नवीन नाही. माफी मागून आपल्यालाच तेवढं हलकं वाटणार. तेवढंही तिच्याकडून घ्यायचं?

"वॉर्डसभा बेंदूर झाल्यावर ठेवलीया," ती म्हणाली. "पायपाची. त्या भिंतीपासनं पुढं कुठं न्यायचा त्ये ठरंल. भरमूला सांगून ठेवा. सगळ्यांनाच सांगा."

अंबुबाईचे हात थांबले. तिनं शालनकडे पहिल्यांदाच नीट, निरखून पाहिलं, जसं बाजारात मेंढराचे दात बघतात.

"बेंदूर झाल्यावर," ती म्हणाली. "मग मी एकच हात वर करीन."

शालननं मान हलवली.

"आणि आक्का, सभेत कन्नड बोलशील काय मराठी?"

"दोनीबी."

"बघू," अंबुबाई म्हणाली आणि पुन्हा पिंजायला लागली. "गल्लीत हात लई हाईत. आमचे समदे आले तरी कमीच पडत्यात. तुझा कुठल्या बाजूला वर जातोय त्ये तवा बघू."

शालन उठली. विहिरीजवळून जाताना तिनं तो दोर कट्ट्यावर ठेवला. संध्याकाळच्या पाण्याला आलेल्या एका बाईनं तो लगेच उचलला; ती तो उलगडत होती आणि सोडत होती, उलगडत होती आणि सोडत होती. शालनला घागरीचा आवाज ऐकायला थांबायचं होतं. पण त्या बाईनं वळून पाहिलं, ओळखलं आणि सवयीनं चार पावलं बाजूला झाली.

"न्हाय, न्हाय," शालन म्हणाली, "तुमी शेंदा." आणि सोलवटलेले तळहात पदराखाली घेऊन ती घराकडे चालू लागली.